सुताचा पाना, मिलिमीटरचा पाना

चाकांवरचा मराठवाडा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात एसटीच्या लाल गाडीतून आपण गावोगाव फिरलो. आज मोटारींकडे वळू. काळ १९८० ते १९९०. अँबॅसिडर, फियाट, जीप, मारुती ही नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. जुना अल्बम निघाला की गाडीचा रंग, तिचा मालक, तिच्यातून निघालेली वरात, सगळं आठवतं. मला मात्र या चारही गाड्यांची ओळख एका लोखंडी पेटीतून झाली. त्या पेटीतूनच ती तुम्हालाही करून द्यावी, असं फार दिवस मनात होतं.

पेटी देगलूरच्या एका मिस्त्रीची. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, समोर कडुलिंब आणि झाडाखाली तेलानं काळी पडलेली जमीन. शाळा सुटली की मी तिथे जाऊन उभा राहायचो. थोड्या दिवसांनी पाने काढून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पेटीला दोन कप्पे होते. एका कप्प्यातल्या पान्यांवर अपूर्णांक कोरलेले, दुसऱ्यातल्या पान्यांवर साधे आकडे. उस्ताद गाडीखालून हात बाहेर काढून म्हणायचे, ‘‘चार सूत दे रे.’’ एकदा घाईत मी तेराचा पाना त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो नटाला लावलासुद्धा नाही. बाहेर सरकून आले, दोन्ही पाने माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, ‘‘दिसायला सारखे. पण हा लावला तर नट मरतो, बेटा.’’

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजेच १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल बसतो. गंजलेल्या नटावर जोर दिला की पाना सटकतो, नटाचे कोपरे झिजतात आणि नट गोल होऊन बसतो. मग छन्नी-हातोडीखेरीज इलाज नाही. म्हणून गाडी दारात आली की आधी ती कुठल्या मुलखातली, हे मिस्त्रीला कळावं लागे. इंग्लंड-अमेरिकेच्या वंशाची असेल तर सुताचा कप्पा, इटली-जपानच्या वंशाची असेल तर मिलिमीटरचा.

हे इतकं महत्त्वाचं का, तेही सांगतो. देगलूरला रेल्वे नाही. नांदेड ऐंशीएक किलोमीटर, हैदराबाद त्याच्या दुपटीहून थोडं पुढे. मदनूरकडे गेलं की तेव्हाचा आंध्र प्रदेश लागे, औरादच्या अंगाला वळलं की कर्नाटक. तीन राज्यांच्या सांध्यावरच्या या गावात गाडी बंद पडली, तर ती इथल्याच हातांनी इथेच चालू व्हायला हवी. सुटा भाग मिळाला नाही तर कुणाला तरी रात्रीच्या गाडीनं हैदराबादला धाडायचं आणि तो परत येईपर्यंत मोटार कडुलिंबाखाली उभी. आमच्याकडे गाडीचं मोल असं ठरत असे. जी इथे उघडता येते आणि इथेच पुन्हा जोडता येते, ती चांगली गाडी.

सुताच्या कप्प्यातली पहिली मानकरी अँबॅसिडर. पश्चिम बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती तयार होई. मूळ गाडी इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५० च्या दशकाच्या शेवटी ती अँबॅसिडर या नावानं आपली झाली. १४८९ सीसीचं बिडाचं इंजिन, मागच्या बाजूला बैलगाडीवाल्यालाही समजतील असे कमानपाटे आणि पंधरा इंची चाकं. चाक मोठं असलं की खड्डा लहान होतो, हे साधं गणित. खड्ड्याची रुंदी तीच राहते, पण मोठं चाक त्याच्या काठांवर टेकून पुढे जातं आणि लहान चाक आत उतरतं. नायगाव-नरसीच्या तेव्हाच्या रस्त्यावर हे गणित कमरेला कळत असे.

या दशकात अँबॅसिडरच्या नशिबी दोन मोठ्या गोष्टी आल्या. १९८० मध्ये ती डिझेलवर मिळू लागली, आणि डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त असल्यानं भाड्याच्या गाडीवाल्यांनी तिला जवळ केलं. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्यानं पुढच्या सलग बाकावर ड्रायव्हरखेरीज दोघंतिघं बसत, मागे आणखी चौघंपाचजण. दुसरी गोष्ट राजकारणातली. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. जून १९८५ मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील मुख्यमंत्री झाले आणि मार्च १९८६ मध्ये नांदेडचे शंकरराव चव्हाण. लागोपाठ दोन मुख्यमंत्री आपल्या मातीतले! लाल दिव्याची पांढरी अँबॅसिडर आमच्या रस्त्यांवर नेहमीची झाली. लहान पोरांना ती सरकारची गाडी वाटे, आणि लग्नसराईत परण्याला तीच गाडी फुलांच्या माळा घालून मारुतीच्या देवळापुढे उभी राहिली की नवरदेव साहेब वाटे.

मिलिमीटरच्या कप्प्यातली जुनी गाडी फियाट. तिचं अधिकृत नाव १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी, पण तोंडी फियाटच राहिलं. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तो उभारणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १०८९ सीसीचं इंजिन, जवळपास चाळीस अश्वशक्ती. अँबॅसिडरपेक्षा हलकी आणि चालवायला मऊ. गावात ती डॉक्टरांच्या, वकिलांच्या, आडत्यांच्या दारात दिसे.

त्या काळच्या पेट्रोल गाड्यांचा खरा वैरी होता आपला मे महिना. उस्तादांनी मला शिकवलेला पहिला मोठा धडा त्याबद्दलचा आहे. फियाट असो की अँबॅसिडर, टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत ओढून आणणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे. आत रबरी पडदा. तो वरखाली झाला की पेट्रोल पुढे सरकतं. बाहेर बेचाळीस अंश, आत तापलेलं इंजिन, आणि पेट्रोल तर लवकर उडून जाणारं. पंपातच त्याची वाफ होते. पडदा हलत राहतो, पण वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे ढकलली जात नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी आचके देत थांबते. नवखा माणूस स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवतो. जाणता माणूस बॉनेट उघडतो, फडकं पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळतो आणि झाडाच्या सावलीत बसतो. दहा-पंधरा मिनिटांत वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी निघते. म्हणून उन्हाळ्यात हैदराबादच्या वाटेला लागणाऱ्या गाडीत पाण्याचा डबा आणि जुन्या धोतराचं फडकं असायचंच. त्या फडक्यामागचं शास्त्र मला पुढे कॉलेजात पुस्तकात भेटलं, तेव्हा ते ओळखीचं निघालं.

तिसरी गाडी दोन्ही कप्प्यांची. महिंद्रची जीप मूळ अमेरिकेच्या विलिसची, दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेली, म्हणून अंगानं इंचातली. पण १९७९ मध्ये महिंद्रनं फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला, इगतपुरीला डिझेल इंजिनं तयार होऊ लागली, आणि १९८५ मध्ये एमएम ५४० ही जीप आली ती २११२ सीसीचं हे इंजिन घेऊन. सांगाडा सुतात, इंजिन मिलिमीटरमध्ये. एमएम ५४० आली की उस्ताद मला सांगायचे, ‘‘पेटीच उचलून आण.’’

डिझेल जीप आमच्याकडे इतकी का रुजली? पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागते. त्यासाठी प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर आणि त्यातले नाजूक पॉइंट. यातल्या एकाही जागी पाणी शिरलं की ठिणगी मेली. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलची फवारणी झाली की ते पेट घेतं. आता डोळ्यांपुढे पावसाळ्यातली लेंडी नदी आणा, किंवा पूल नसलेला एखादा ओढा. पेट्रोलची गाडी पाण्यात घालायची तर आधी फॅनचा पट्टा काढावा लागे, नाहीतर पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्यूटर भिजवणार. डिझेल जीपच्या ड्रायव्हरला ठिणगीची ती काळजीच नसे. हवा ओढायच्या तोंडापर्यंत पाणी चढत नाही तोवर तो पहिला गिअर टाकून सावकाश पलीकडे निघे. पुढच्या चाकांनाही जोर देणारी जीप असेल, तर काळ्या मातीचा चिखलही तिला अडवत नसे. साथीच्या वेळी खेड्यात पोचणारा डॉक्टर, निवडणुकीच्या पेट्या नेणारे कर्मचारी, अडलेली बाळंतीण, या सगळ्यांना त्या दिवसांत जीपनं ओढ्यापार केलं आहे. म्हणून जीपचं नाव निघालं की आमच्याकडची म्हातारी माणसं आजही हळवी होतात.

आणि मग मारुती. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला दिली गेली. त्याआधी देशभरात वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास मोटारी तयार होत. कुणी किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरे, त्यामुळे गाडीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहणं हे सर्वांनी मान्य केलेलं होतं. मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा दहा हजार रुपये आगाऊ भरून सव्वा लाखाहून जास्त लोकांनी दोन महिन्यांत नावं नोंदवली. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर.

तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तरी ताकद फियाटइतकीच, जवळपास चाळीस अश्वशक्ती, आणि वजन दोनशेहून अधिक किलोंनी कमी. तेवढ्याच ताकदीनं हलकं ओझं ओढायचं असेल तर गाडी पळणारच आणि पेट्रोलही कमी पिणार. शिवाय इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवली होती. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट गेला आणि एवढ्याशा गाडीत चार माणसांना पाय ठेवायला जागा झाली. चाकं मात्र बारा इंची. पंधरा इंची अँबॅसिडर ज्या खड्ड्यावरून तरून जाई, त्यात मारुती उतरायची. म्हणून सुरुवातीला आमच्याकडे तिला शहराची गाडी म्हणत.

उस्तादांच्या दारात पहिली मारुती आली तो दिवस मला नीट आठवतो. मी तेव्हा अकरावीत होतो. त्यांनी बॉनेट वर केलं आणि बराच वेळ नुसते पाहत उभे राहिले. इंजिन आडवं, साखळीच्या जागी रबरी पट्टा, वर ॲल्युमिनियमचं हेड. बिडाचं हेड तापलं तरी सहन करतं, ॲल्युमिनियमचं तापलं की वाकतं, हा फरक त्यांना ठाऊक होता. गाडीबरोबरचं इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्या हाती दिलं. मी एकेक ओळ वाचून अर्थ सांगत गेलो आणि ते प्रत्येक भागावर बोट ठेवत गेले. तीस वर्षं मोटारी उघडलेला माणूस अकरावीतल्या पोराकडून शिकत होता आणि त्यात त्यांना कणभरही कमीपणा वाटत नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी दहा, बारा आणि चौदाचे नवे पाने मागवले.

याच दशकात आणखी काही गाड्या आल्या, त्या आमच्याकडे क्वचितच दिसल्या. १९८४ ची काँटेसा बाहेरून ऐटदार, पण आत सुरुवातीला अँबॅसिडरचंच इंजिन. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई इटलीच्या अंगाची आणि जपानी इंजिनाची. त्याच वर्षीची मद्रासची स्टँडर्ड २००० तर तीनेक वर्षांतच थांबली. या गाड्यांची आठवण शहरांनी ठेवावी. आमच्या गावच्या हातांनी त्या कधी उघडल्या नाहीत.

पुढे सुताचा कप्पा हळूहळू मिटत गेला. मे २०१४ मध्ये अँबॅसिडरचं उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आज देगलूरहून हैदराबादकडे चार पदरी रस्त्यानं जाणाऱ्या गाडीत बिघाड कुठे आहे ते संगणक सांगतो. त्याचा फायदा मी रोज घेतो. पण बोटानं चाचपून तीन दशांश मिलिमीटरचा फरक ओळखणारी माणसं अजून आपल्यात आहेत, आणि त्यांनी जे जाणलं ते कुठल्याच पुस्तकात उतरलेलं नाही. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा मिस्त्री असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा, लिहून ठेवा. घरात सुताचे पाने निघाले तर भंगारात घालू नका. उस्तादांच्या पेटीतला चार सुताचा पाना आज माझ्या टेबलावर आहे. त्यांनीच दिला. देताना म्हणाले होते, ‘‘गाड्या गेल्या, तरी पाना कामाचा आहे. नटाला मारू नको एवढं लक्षात ठेव.’’

पुढच्या आठवड्यात : देगलूरहून फार दूर नसलेल्या जहिराबादला जपानी निस्सानचे छोटे ट्रक बनू लागले, आणि पुण्याच्या टाटा ४०७ नं त्यांच्याशी टक्कर घेतली, त्याची गोष्ट.