वीकेंडला मुळशी? मग शनिवारी आधी शनिवारवाडा!

शुक्रवारी रात्री अकराला ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या कुठे?’ मग साठ-सत्तर मेसेज, दोन रुसवे, एक ‘मी नाही येत’ आणि शेवटी ठरतं ते नेहमीचंच. ताम्हिणी! चांदणी चौकातून निघायचं, पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये तास घालवायचा, भिजायचं, मॅगी खायची, रात्री घरी. यात वाईट काही नाही. पण हातात दोन दिवस असतील आणि बाहेरगावचे मित्र पहिल्यांदाच पुण्यात आले असतील, तर क्रम जरा बदला. आधी पुणे, मग मुळशी, परतताना लोणावळा. पुण्याच्या मुळा आणि मुठा या दोन्ही नद्या मुळशी तालुक्यातूनच खाली येतात, तेव्हा आपण फक्त उलट्या दिशेनं जायचं.

शनिवारी सकाळी गाडी पेठेत घालू नका, पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल. मेट्रोनं कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि चालत सुटा. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा सगळं जवळजवळ आहे. शनिवारवाड्याच्या आत महाल शोधत बसू नका. १७३२ मध्ये उभा राहिलेला वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आत उरलेत ते चौथरे आणि कारंजी. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे मात्र नीट बघा, हत्तींची धडक थोपवायला ते ठोकलेत. नंतर मिसळ आणि राजा केळकर संग्रहालय. तिथला मस्तानी महाल कोथरूडहून उचलून आणून पुन्हा उभारलाय. वेळ उरलाच तर संगमावर जाऊन या.

दुपारी चारच्या सुमारास पौड रस्त्याला लागा. रात्र मुळशीतच काढायची, हा या प्लॅनचा खरा फायदा. रविवारी पुण्याहून गाड्यांची रांग येईपर्यंत तुमचा घाट बघून झालेला असतो. मोठ्या रिसॉर्टपेक्षा गावातली घरगुती राहण्याची सोय बघा. पिठलं-भाकरी आणि मुळशी-मावळचा आंबेमोहर भात मिळाला तर सोडू नका. शनिवारच्या मुक्कामाचं बुकिंग आधी करा आणि पेट्रोल शहरातच भरून घ्या. पुढे नेटवर्क जातं, तेव्हा मॅपही डाउनलोड करून ठेवा.

आता ते पाणी. मुळशीचा तलाव ‘लेक व्ह्यू’ म्हणून विकला जातो, पण तो तलाव नाही, धरण आहे, आणि त्याखाली गावं आहेत. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीनं इथं मुळा अडवायचं ठरवलं. मावळातल्या शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते इथंच. होय, ज्या सेनापती बापट रस्त्यावर तुम्ही सिग्नलला वैतागता, तेच हे. आंदोलन हरलं, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण झालं. राजेंद्र व्होरा यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ या पुस्तकात आणखी एक टोचणारी गोष्ट दाखवली आहे. इथल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या ताब्यात गेल्या होत्या. त्यांचं भांडण शेवटी मोबदल्यावर येऊन थांबलं. कसणाऱ्यांना मात्र जमीनच हवी होती. सकाळी शनिवारवाडा बघून संध्याकाळी या काठावर उभं राहिलं, की पुण्याचा इतिहास पेशव्यांपाशी संपत नाही हे कळतं.

आणि गंमत बघा. ही नदी मुळात पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी. धरणानं तिचं पाणी उलटं पश्चिमेला वळवलं. ते सह्याद्रीच्या कड्यावरून बोगद्या-पाइपांतून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि पुढे कुंडलिका नदीत जातं. कोलाडला राफ्टिंग केलंय? ते या सोडलेल्या पाण्यावरच चालतं.

रविवारी उजाडताच ताम्हिणी. इथं एकच सांगणं, प्रवाहात उतरू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी पायाशी असतं तेव्हा काही वाटत नाही, वर डोंगरात पाऊस वाढला की क्षणात चढतं. पावसाळ्यात प्रशासन काही ठिकाणी बंदी घालतं, निघण्यापूर्वी ते आदेश वाचा. रील नाही मिळाली तर नाही मिळाली.

घाटातून निवे-भांबुर्डे मार्गे लोणावळ्याकडे रस्ता जातो. अरुंद, वळणांचा, पण या ट्रिपमधला सगळ्यात देखणा. पाऊस उघडला असेल तर वाटेत घनगड किंवा कोरीगड, दोन्ही नाही, एकच! दाट धुकं असेल तर मात्र हट्ट न करता आल्या वाटेनं पौडला फिरा.

स्वतःची गाडी नसेल तर स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे कोकणात जाणारी एसटी पकडा. भांबुर्ड्याचा रस्ता मग जमणार नाही, पण मुळशी नक्की होईल. फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारून घ्या. लोणावळ्यासाठी पुण्याहून लोकल आहेच, ते पुढच्या रविवारी.