बांबूच्या कांड्यातला बेडूक

ताईंनो, बेडूक डबक्यात अंडी घालतो हे आपण लहानपणापासून बघतो. पण आपला सह्याद्री खाली तामिळनाडूपर्यंत जातो, तिथल्या डोंगरात एक छोटा हिरवागार बेडूक चक्क बांबूच्या पोकळ कांड्यात संसार करतो!

१८७६ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. नंतर सव्वाशेहून जास्त वर्षं तो त्यांना दिसलाच नाही. शेवटी डॉ. एस. डी. बिजू यांच्या शोधमोहिमेत तो सापडला आणि २०११ मध्ये तसं जाहीर झालं.

कांड्याला बारीक फट असेल तरच बेडूक आत शिरतो. मादी अंडी घालते, राखण मात्र बाप करतो. बाप नसला तर दुसरे नर अंडी खातात. अंड्यातून बेडूकमासा नाही, थेट पिल्लूच निघतं.

हा बारीक बांबू टोपल्यांना आणि कागदाला लागतो. सगळं बेट एकदम तोडलं तर अंडी, बाप, घर सगळंच जातं. म्हणून जून बांबू निवडून काढायचा, कोवळा ठेवायचा. बेट टिकलं तर बेडूकही राहील आणि टोपल्या विणणाऱ्या बायांचा रोजगारही. आपल्याकडे हा बेडूक नाही, पण बांबूकाम करणाऱ्या गटांनी ही रीत जरूर पाळावी.