लग्नाबाहेरचा संसार : सत्तर वर्षांचा मागोवा

मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर बंदी घातली, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे ही बंदी आली ती 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने. तोवर दुसरी बायकोही कायद्याने बायकोच होती. अनेक जातींत विधवेचा पाट लागायचा, आणि भावकीने मानला की संसार पक्का.

नव्या कायद्याने रीत एकदम थांबली नाही. मूल नाही, मुलगा नाही, अशा कारणांनी दुसरी घरात येत राहिली. फक्त तिचं लग्न आता कागदावर शून्य होतं. 1976 च्या दुरुस्तीने तिच्या मुलांना औरस मानलं, ती मात्र होती तिथेच राहिली. 1988 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला पोटगीही नाकारली.

दार किलकिलं केलं 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने. विवाहासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही निवारा आणि खर्च मागता येऊ लागला. 2008 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोटगीच्या कलमातही तिला जागा द्यावी असं सुचवलं; फौजदारी प्रक्रिया संहितेत तो बदल झालाच नाही. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या घातल्या. चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावर हवा, बराच काळ एकत्र राहणं हवं, आणि दोघंही लग्नाला मोकळे हवेत. या शेवटच्या अटीत दुसरी पुन्हा अडली.

खरा पेच 2013 मध्ये दिसला. औरंगाबाद खंडपीठाकडून वर गेलेल्या प्रकरणात, पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला पोटगी चुकवता येणार नाही, असं ठरलं. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या निकालाने, पुरुष विवाहित असल्याचं माहीत असून सोबत राहिलेल्या स्त्रीला संरक्षण नाकारलं. म्हणजे फसलेलीला आधार, जाणून आलेलीला नाही. पण खेड्यात कुणाचं पहिलं लग्न लपतं? हुंडा जमेना म्हणून आईबापांनी बिजवराऐवजी बायको असलेल्याला दिलेली मुलगी सगळं जाणूनच येते. तिची मर्जी विचारली कुणी?

सप्टेंबर 2023 च्या निकालाने तिच्या मुलांना एकत्र कुटुंबातल्या वडिलांच्या हिश्श्यातही वाटा दिला. तिचं नाव मात्र सातबाऱ्यावर वारस म्हणून लागत नाही. तिच्यासाठी भरवशाचा कागद म्हणजे त्याने करून ठेवलेलं मृत्युपत्र. तेही त्याच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं, आणि सर्वस्वी त्याच्या मर्जीवर.