दात्याचे बुबुळ आपल्या डोळ्यात कसे रुजते?

श्रोतेहो, माकणीच्या शिवारात ज्वारीची रास करताना डोळ्यात कुसळ जाणे किंवा उसाचे पाते लागणे काही नवे नाही. जखम चिघळली की बुबुळावर पांढरा डाग राहतो. त्याला आपण ‘फूल पडले’ म्हणतो. दाट फूल औषधाने जात नाही. मग डॉक्टर बुबुळावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे पारपटल, मधोमध गोल कापून काढतात आणि तिथे नेत्रदात्याचा पडदा शिवतात. सबंध डोळा बदलत नाहीत. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक देशातील ओलोमोउत्स येथे, डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. रोगी होता चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर.

आता प्रश्न असा, की मेलेल्या माणसाचा पडदा जिवंत डोळ्यात टिकतो कसा? हा पडदा म्हणजे एक घर समजा. त्याचे मुख्य थर तीन.

वरचा थर पातळ पेशींचा. दात्याच्या पेशी हळूहळू झडतात. बुबुळाची काळी व पांढरी बाजू जिथे मिळते, त्या कडेवर रोग्याच्या मूळ पेशी असतात. तिथून नव्या पेशी सरकत येतात आणि काही महिन्यांत घराचे छप्पर रोग्याचे स्वतःचे होते. चुन्याने ही कडच जळाली असेल, तर छप्पर शाकारायला कोणी उरत नाही. म्हणून डोळ्यात चुना गेला की आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे, मग दवाखाना गाठावा.

मधला थर म्हणजे भिंती. त्यांचे धागे दात्याचेच राहतात. पण आत राहणाऱ्या पेशी सावकाश, काही वर्षांत, बऱ्याच अंशी रोग्याच्या होतात.

आतला थर मात्र वेगळा. तिथे पेशींची एकच रांग असते आणि तिचे काम पाणी उपसण्याचे. तेरणेच्या धरणाकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको, की पाझराचे पाणी उपसले नाही तर रान चिबडते. तसेच पारपटल फुगते व धूसर होते. या पेशी माणसाच्या डोळ्यात नव्याने जवळजवळ वाढत नाहीत. दात्याच्याच पेशींना वर्षानुवर्षे राबावे लागते, आणि शरीर त्यांना परके समजून हल्ला करू शकते.

म्हणून बरे का, दिसू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब बंद करू नयेत. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी दाखवावे. वेळेवर उपचार झाले तर पडदा बहुधा वाचतो.

याच पेशींसाठी नेत्रपेढीला मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बोलवावे लागते. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. चष्मा होता, मोतीबिंदू काढला होता, म्हणून दान अडत नाही.

गुरुजींनी फळ्यावर तीन रेघा ओढून एवढे मुलांना सांगावे. मुले ते घरी नेतील.