खारबांधावरची उघाडी

संपादकांनी धाडलं होतं फ्लेमिंगोंसाठी. पाय अडकले ते उरणच्या बाजूला, खारबांधातल्या एका झडपेपाशी. आगरी शेतकरी तिला उघाडी म्हणतात.

बांधात एक मोरी, तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली झडप. भरती चढली की पाण्याच्या दाबानं ती घट्ट मिटते आणि खारं पाणी शेताबाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं. वीज नाही, मोटर नाही. दिवसातून दोनदा खाडीच तिला चालवते. पावसाच्या पहिल्या सरींनी जमिनीतलं मीठ सुटतं तेही याच वाटेनं जातं, आणि मग भात करता येतो. काळा राता, भुरा राता ही इथली खार सोसणारी जुनी वाणं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पुढे ‘पनवेल १’सारख्या जाती दिल्या.

झडपेत एखादा ओंडका अडकला तरी खारं पाणी आत शिरतं. खेकडे बांध पोखरतात, खांड पडते. म्हणून बांधावर माती घालणं हे एकट्यादुकट्याचं नव्हे, गावाचं काम. त्या राबत्या शेतातच चिंबोऱ्या, निवट्या, जिताडा वाढला आणि खाचरांत बगळे उतरले. पाखरांसाठी म्हणून वेगळं कुणी काही केलं नव्हतं. माणसं बांध राखत होती, एवढं पुरे होतं.

1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, शेतं संपादित झाली, त्यांवर शहर उठलं. भरतीच्या वेळी साचणारं पावसाचं पाणी सामावून घ्यायला सिडकोनं धारण तलाव खोदले. त्यांच्या तोंडाशीही झडपाच बसवल्या, तत्त्व उघाडीचंच.

आता गरज मात्र उलटी आहे. ठाणे खाडीचं 1,690 हेक्टर क्षेत्र 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही. पण फ्लेमिंगो चरतात ओहोटीच्या चिखलात. भरतीनं तो झाकला की ते नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळींवर येऊन थांबतात, आणि हा तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. तिथे पाणी अडवायचं नाही, आत येऊ द्यायचं आहे. भरतीच्या वाटा बुजल्या की तलाव आटतो, नाहीतर साचून शेवाळतो. 2024 च्या उन्हाळ्यात तो कोरडा पडत गेला. त्याच काळात नेरूळ परिसरात फ्लेमिंगो मेलेले सापडले. 2025 मध्ये राज्य सरकारनं या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचं ठरवलं. निर्णय चांगलाच आहे, पण कागदावरच्या दर्जानं मोरीतला गाळ निघत नाही.

खारबांधाची उघाडी कोण पाहतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. नवी मुंबईतल्या प्रत्येक पाणथळीच्या तोंडाशी तशी एक जबाबदार व्यक्ती नेमा. भरतीला पाणी आत जातं का, ओहोटीला बाहेर येतं का, याची रोजची नोंद तिच्याकडून घ्या आणि ती नागरिकांना पाहू द्या. सिडको, महापालिका आणि वनविभाग यांच्याकडे एवढीच मागणी आहे, आणि ती फ्लेमिंगोंच्या पुढच्या हंगामाआधी पुरी व्हायला हवी.