मैंदर्गी ते समुद्र, सायकलवरून!

दोस्तांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या बरं. सोलापूर जिल्हा सापडला? त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात अक्कलकोट तालुका आहे. अक्कलकोटहून दुधनीच्या रस्त्याला लागलं, की वाटेत मैंदर्गी लागते. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ, की इथल्या मुलांना मराठी आणि कानडी दोन्ही भाषा न शिकवताच येतात!

आता मैंदर्गीवर बोट ठेवा आणि सरळ डावीकडे सरकवत न्या. अक्कलकोट, सोलापूर, पंढरपूर, मग माणदेश, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर. इथे सह्याद्री आडवा येतो. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून पुढे गुहागर. बोट समुद्रात बुडालं! एकूण अंतर झालं सुमारे चारशे किलोमीटर.

एवढं अंतर सायकलवरून तोडायचं तर किती दिवस लागतील? चार? आठवडा? थांबा. अशा प्रवासाला जगभर एक ठरलेला वेळ आहे. चारशे किलोमीटरला २७ तास!

काय, विश्वास नाही बसत?

या प्रकाराला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच हंगामात या चारही फेऱ्या वेळेत पुऱ्या करणाऱ्याला ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. पुण्या-मुंबईकडे, नाशिक-नागपूरकडे असे बरेच काका-मावश्या तुम्हाला भेटतील. गंमत म्हणजे ही शर्यत नसते. पहिला नाही, शेवटचा नाही. प्रत्येकाजवळ एक कार्ड असतं. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का घ्यायचा आणि पुढे निघायचं. मधे चेन तुटली, ट्यूब फुटली, पाऊस आला, सगळं आपलं आपण निस्तरायचं. घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही. तुम्ही चहा प्यायला टेकलात तरी ते चालू, झाडाखाली डुलकी काढलीत तरी चालूच!

आता जरा गणित करू. ४०० भागिले २७. उत्तर येतं ताशी १५ किलोमीटरला थोडं कमी. अहो, एवढ्या वेगाने तर तुम्ही शाळेची घंटा चुकू नये म्हणून सायकल हाणताच की! म्हणजे अडचण वेगाची नाहीच. हा वेग सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्यापर्यंत टिकवायचा, ही खरी गोम आहे.

म्हणून आपण मनातल्या मनात निघूच. पहाटे पाचला मैंदर्गी सोडली. ज्वारीची शेतं, काळी माती, रस्ता सपाट. वाटतं, हे तर सोपं आहे. पण थांबा, या सपाट रस्त्यात एक लबाडी आहे. भीमा बघा, कृष्णा बघा, दोघी पूर्वेकडे निघाल्यात. पाणी उताराकडे जातं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे सगळं पठारच पूर्वेला कललेलं आहे, आणि आपण चाललोय पश्चिमेला! चढ इतका मंद, की डोळ्यांना दिसत नाही. पायांना कळतो. त्यात पावसाळ्याचे दिवस असले, तर वारा पश्चिमेकडून थेट तोंडावर. वाऱ्याचा हिशेब तर फारच कडक. वारा नसतानाही तुम्ही वेग दुप्पट केलात, तर हवेचा अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट! म्हणून मुरलेला सायकलस्वार वाऱ्याशी भांडत बसत नाही. तो हँडलवर वाकतो, गिअर हलका करतो आणि आपला वेग मुकाट्याने कमी करतो.

दुपारपर्यंत पंढरपूर. सव्वाशे किलोमीटर झाले. इथे दुसरा घोटाळा होतो, तो पोटाचा.

त्याचं असं आहे, आपल्या शरीरात दोन कोठारं असतात. एक साखरेचं. स्नायूंत आणि यकृतात साखर ‘ग्लायकोजेन’ नावाने साठवलेली असते. चटकन वापरता येते, पण साठा जेमतेम दीड-दोन हजार कॅलरींचा. नेटाने सायकल मारणारा माणूस तासाला चार-पाचशे कॅलरी सहज जाळतो. म्हणजे चार तासांत कोठार रिकामं! मग डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय शिशाचे होतात, विनाकारण रडू येतं. दुसरं कोठार चरबीचं. ते अफाट आहे, अगदी सडपातळ माणसाकडेही काही दिवस पुरेल इतकं. पण त्याचं दार अरुंद. तिथून माल हळूहळूच बाहेर येतो. जोरात गेलात तर शरीर साखर ओढतं, बेताने गेलात तर चरबीवर भागवतं. आता कळलं ना, लांब पल्ल्याचे हे लोक चिडवावं इतके हळू का जातात?

शिवाय दर तासाला थोडं थोडं खात राहावं लागतं. भूक लागल्यावर खाणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं! आणि या बाबतीत आपला सोलापूर जिल्हा नशीबवान बरं का. ज्वारीची कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, खिशात कोंबली तरी बिघडत नाही. शेंगदाण्याच्या चटणीत तेल आहे, मीठ आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. जोडीला गूळ आणि केळी. परदेशी पाकिटांतल्या महागड्या वड्यांनी यापेक्षा फार वेगळं काही होतं, असं मला तरी वाटत नाही. मीठही हवंच. घामातून ते जातं, आणि माणूस नुसतं पाणीच ढोसत राहिला तर रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर येते, कधी कधी दवाखाना गाठावा लागतो.

रात्री नऊच्या सुमारास कऱ्हाड. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, ते हे गाव. इथून कोयनेच्या उलट दिशेने, अंधारात, पाटणवरून हेळवाकपर्यंत. उत्तरेकडून येणारी कोयना इथेच काटकोनात वळून पूर्वेला जाते. मग घाटमाथा. उंची साधारण सहाशे मीटर, आणि चिपळूण जवळजवळ समुद्रपातळीला. ही सगळी उंची काही किलोमीटरांत खाली सोडायची! रात्रीचे दोन वाजलेले, बोटं ब्रेकवर दाबून दाबून बधिर झालेली, पापण्या जड. खरं सांगू? चढापेक्षा हा उतार धोक्याचा. चढावर झोप लागली तर सायकल थांबते. उतारावर झोप लागली तर काय होईल, ते सांगायला नकोच. म्हणून शहाणे लोक माथ्यावर पंधरा मिनिटं आडवे होतात. गजर लावून!

चिपळूणला एक छान गोष्ट घडते. वाशिष्ठी नदी पश्चिमेला वाहते. मैंदर्गीपासून एवढ्या नद्या भेटल्या, पण आपल्याच दिशेने समुद्राकडे निघालेली ही पहिली!

पण सुटलो म्हणू नका. किनारा सपाट असतो असा समज असेल तर तो कोकण पुसून टाकतं. सडा चढा, खाडीला उतरा, पुन्हा सडा चढा. गुहागरहून दक्षिणेला जायचं तर तवसाळला जयगडची फेरीबोट, उत्तरेला जायचं तर धोपाव्याला दाभोळची. बोट येईपर्यंत बसा, घड्याळ आहेच चालू! आपण मात्र गुहागरलाच थांबू. सकाळचे सात. एक तास हातात राखून पोहोचलो.

आता हा ‘एक मैंदर्गी-गुहागर’ लक्षात ठेवा. आपलं माप म्हणून पुढे उपयोगी पडेल.

अमेरिकेत एक शर्यत होते, ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’. १९८२ साली चार सायकलस्वारांनी तिची सुरुवात केली. पश्चिम किनाऱ्यावरून निघायचं आणि पूर्व किनारा गाठायचा, सुमारे ४,८०० किलोमीटर. एकट्याने करणाऱ्याला १२ दिवस मिळतात. भागाकार करा. रोज एक मैंदर्गी-गुहागर, सलग बारा दिवस! सुरुवातीला भाजून काढणारं वाळवंट. पुढे रॉकी पर्वतातली वुल्फ क्रीक खिंड, आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंच. मग कॅन्ससची मैदानं, जिथे वाऱ्याला अडवायला काही नाही. आणि अंगात काही उरलं नसताना शेवटी अॅपलेशियन डोंगरांच्या चढउतारांची माळ.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ही शर्यत पुरी केली. संघाला नऊ दिवस मिळतात, त्यांनी ती नवव्या दिवशी संपवली. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत झोपलेला, मग अदलाबदल. भारताचा असा हा पहिलाच संघ. पण एकट्याने, ठरलेल्या वेळात? ते अजून कुठल्याही भारतीयाला जमलं नव्हतं.

२०१७ च्या जूनमध्ये दोघे जण या प्रयत्नाला उतरले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यातले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ. गोकुळनाथांची नेमणूक तेव्हा नाशिकला होती. आदल्या वर्षी त्यांनी हीच शर्यत धरली होती, पण पुरी करता आली नव्हती. विचार करा, एवढं सोसून हात रिकामे, आणि वर्षभराने पुन्हा त्याच रेषेवर उभं राहायचं!

या शर्यतीत स्वार दिवसाकाठी एक ते तीन तास झोपतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मेंदू खोड्या करायला लागतो. झाडं माणसांसारखी दिसतात, रस्ता हलतो. स्लोव्हेनियाचा युरे रोबिच ही शर्यत पाच वेळा जिंकला, पण झोपेविना तो इतका भ्रमात जाई, की सायकलवरून उतरून रस्त्याकडेच्या टपालपेट्यांशी मारामारी करी! हसू येतं खरं. पण अशा वेळी मागून येणाऱ्या गाडीतली माणसंच स्वाराचं डोकं असतात. कधी खायचं, कधी झोपायचं, कुठे वळायचं, ते ती ठरवतात. रात्रभर आपल्या गाडीच्या दिव्यांचा उजेड त्याच्यापुढे धरतात. आणखी एक भयंकर प्रकार म्हणजे मान. आपलं डोकं चार-पाच किलोचं. वाकून बसलेल्या माणसाला ते दिवसभर उचलून धरावं लागतं. काही दिवसांनी मानेचे स्नायू चक्क संप करतात आणि हनुवटी छातीला टेकते. समोरचं दिसतच नाही! १९८३ साली मायकेल शर्मर या स्वाराचं असं झालं, तेव्हापासून या दुखण्याला त्याचंच नाव पडलं आहे.

तर, त्या वर्षी गोकुळनाथ ११ दिवस, १८ तास आणि ४५ मिनिटांनी शेवटच्या रेषेवर पोहोचले. डॉ. समर्थ पोहोचले ११ दिवस, २१ तास आणि ११ मिनिटांनी. मर्यादा बारा दिवसांची. समर्थांजवळ उरले होते दोन तास एकोणपन्नास मिनिटं! बारा दिवसांत कुठे तरी एकदा गजर ऐकू आला नसता, एका गावात वाट चुकली असती, तर? पुढच्याच वर्षी समर्थ रशियात गेले आणि मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांवर किलोमीटरची, टप्प्याटप्प्यांची शर्यत २५ दिवसांत पुरी करून आले. त्यांच्या झोपेचं काय झालं असेल, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठी माणसं. मग नाशिकचाच ओम महाजन घ्या, डॉ. हितेंद्र यांचा मुलगा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, सतराव्या वर्षी, त्याने श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर आठ दिवस आणि सात तासांवर काही मिनिटांत तोडलं. त्याला विक्रम मिरवायला फार दिवस मिळाले नाहीत. २०२१ साली काश्मीरच्या आदिल तेलीने त्याहून काही तास कमी घेतले.

आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी? २०१८ साली, विशीच्या उंबरठ्यावर, तिने सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा मांडली. जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली, डिसेंबरात कोलकात्याला आली. १५९ दिवस, सुमारे २९,००० किलोमीटर. आपल्या मापाने बहात्तर मैंदर्गी-गुहागर! तिच्यामागे गाडी नव्हती, बहुतेक वाट ती एकटीच. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चोरांनी सुरा दाखवून लुटलं, रशियात बर्फाची थंडी. पालकांनो, या मुलीच्या आईबाबांनी ते महिने कसे काढले असतील, याचाही विचार मनात येतोच.

फ्रान्समध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी १,२०० किलोमीटरची फेरी १८९१ पासून आहे. हल्ली ती दर चार वर्षांनी भरते आणि ९० तास मिळतात. तिच्या नावाने तिकडे सायकलच्या चाकाच्या आकाराची गोल मिठाईसुद्धा मिळते!

ब्रेव्हेला अठरा वर्षं पुरी लागतात, म्हणून तुम्हाला अजून थांबावं लागणार. तोवर एक प्रयोग करा. मैंदर्गीच्या मुलांसाठी अक्कलकोट आहे, चौदा-एक किलोमीटर. बाकीच्यांनी आपापलं तेवढंच लांबचं गाव निवडावं. रविवारी सकाळी, मोठं कुणी तरी बरोबर घेऊन, डोक्यावर हेल्मेट आणि मागे लाल दिवा लावून जा आणि परत या. निघाल्याची वेळ, चहाला थांबलात ती वेळ, पोहोचल्याची वेळ, सगळं वहीत टिपा. मग थांबलेला वेळ धरून ताशी किती पडले ते काढा. जातानाचा आणि येतानाचा आकडा वेगळा आला, तर त्या दिवशी वारा कुठल्या बाजूने होता, तेही शेजारी लिहून ठेवा.