टिनाचं घर तापतंय? आधी वरून पांढरं करा, मग आतून सिलिंगचं पाहा

मोताळा (प्रतिनिधी) : एप्रिल लागला की घाटाखाली दुपारी टिनाच्या घरात बसवत नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, सगळीकडे हीच गत. ज्यांना जमतं ते कुलर लावतात, पण लाईन गेली की म्हातारं माणूस अन् लहान लेकरू त्या भट्टीतच.

आमचं घर आधी धाब्याचं होतं. लाकडी सर, वर फळ्या, त्यावर फूटभर पांढरी माती. एवढ्या मातीचं वजन चौरस फुटाला ४० किलोच्या वर भरतं. जुन्या लाकडाला ते पेलेना अन् पावसाळ्यात गळायचंही. म्हणून माती उतरवली, त्याच भिंतींवर वासे अन् टिन टाकले. गळणं थांबलं, पण दुपारची झोप गेली. जाड मातीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. टिन सकाळीच तापतं अन् खाली बसलेल्याच्या डोक्यावर सरळ आच टाकतं. पंखा लावला तर वरचीच गरम हवा खाली येते.

मग मी एक चूक केली. वाशांच्या मधात थर्माकोलच्या शीट थेट टिनाला चिकटवल्या. पहिला उन्हाळा बरा गेला. हिवाळ्यात पहाटे टिनाला आतून पाणी सुटतं, ते शीटमागं मुरलं. शीट सुटल्या, उंदरांनी पोखरल्या, अन् दोन वासे काळे पडले. शिवाय थर्माकोल पटकन पेट घेतो अन् काळा धूर सोडतो. चूल पेटते त्या घरात तर तो नकोच.

खरं काम बाहेरून सुरू होतं. ऊन टिनाला लागण्याआधीच परतवायचं. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार झाला, अन् पुढं तिथल्या वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणानं २०२३ मध्ये तर थंड छपरांसाठी वेगळं धोरणच काढलं. आपल्याला त्यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही.

गंज तारेच्या ब्रशनं घासा, टिन धुवून वाळू द्या, गंजलेल्या जागी प्रायमर मारा, मग बाहेरच्या भिंतीला लावतात तो पांढरा कलर दोन हात द्या. २० बाय १५ फुटांच्या खोलीला दहा लिटरची बादली साधारण पुरते. चुना स्वस्त पडतो, पण पावसात धुतला जातो, म्हणून दर उन्हाळ्यात मारावा लागतो. चुना टिकावा म्हणून काहीजण त्यात मीठ टाकतात. टिनावर ते करू नका, गंज लागतो. टिनाच्या फूट-दीड फूट वर हिरवी शेडनेट ताणली तरी फरक पडतो. पऱ्हाट्या, तुराट्या टाकणारेही आहेत. सावली होते, पण एक ठिणगी पुरे.

वर चढायचं ते सकाळीच, अन् पाय खिळ्यांच्या रांगेवरच ठेवायचा, तिथं खाली लाकूड असतं. सिमेंटच्या पत्र्यावर तर शिडी आडवी टाकल्याशिवाय जाऊच नका. जुने सिमेंट पत्रे घासू किंवा कापू पण नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते.

एवढं करूनही भागलं नाही तर आतून सिलिंग. ते टिनाला नाही, वाशांच्या खालच्या बाजूला ठोकायचं, म्हणजे मधात हवेची पोकळी राहते. बांबूच्या चटईपासून प्लायपर्यंत काहीही चालतं. चकाकणारी फॉइल लावत असाल तर तिची चकचकीत बाजू त्या पोकळीकडं हवी; टिनाला चिकटली की तिचा उपयोग जवळपास संपतो. पोकळीच्या दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा सोडा अन् तिथं बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर, खारी संसार थाटतात.

आज वासे उघडे आहेत म्हणून वाळवी, गळती, लाकडाचं गळणारं पीठ आपल्याला दिसतं. एकदा सिलिंग ठोकलं की ते झाकलं जातं. म्हणून आधी एका पावसात गळती पाहून घ्या, वाशांना वाळवीचं औषध मारा, अन् वाशांवरून गेलेली उघडी वायर पाईपात घालून घ्या. एका कोपऱ्यातली पट्टी स्क्रूनं बसवा, म्हणजे वर्षातून एकदा ती उघडून बॅटरीनं आत पाहता येतं.